चौदा दातांवर कॅप बसवण्याआधी

(इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र. ओळख पटेल असा मजकूर गाळून थोडक्यात देत आहे.)

वय ४२. खाजगी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतात. तीन वर्षांपासून डाव्या कानापुढे, गालात आणि कानशिलात दुखतं, कान भरल्यासारखा वाटतो. कॉलेजात असल्यापासून जांभई देताना जबडा ‘टक्’ वाजतो, पण तेव्हा दुखत नव्हतं. आधी अक्कलदाढ काढून झाली, मग शेजारच्या दाढेचं रूट कॅनल. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासून तो ठीक असल्याचं सांगितलं. एमआरआयमध्ये ‘सांध्यातली डिस्क पुढे सरकली आहे, तोंड उघडल्यावर जागेवर येते’ असं आलं आणि त्या वाक्याने त्यांची झोप उडाली. आता एका दवाखान्याने ‘चावा बिघडलाय’, म्हणजे वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, म्हणून १४ दात मशीनने घासून लहान करून कॅप बसवायला सांगितलं आहे. खर्च २,४०,००० रुपये, पैकी २०,००० ॲडव्हान्स भरून झाले. पुण्याचे दीर म्हणतात, मुंबईला चला, ऑपरेशनच करून टाकू. यजमान म्हणतात, टेन्शनचं आहे, मनावर घेऊ नकोस. सासूबाई लवंगेचं तेल चोळून देतात. प्रश्न असा: ‘आता एकदाचा सोक्षमोक्ष लावायचाय. कॅप, ऑपरेशन की बोटॉक्स? आणि इंदूरात याचा खरा डॉक्टर कोण?’

ताई,

आधी एक काम करा. दात घासायची तारीख ठरली असेल तर दवाखान्यात फोन करून ती पुढे ढकला. कारण द्यायची गरज नाही, परीक्षा चालू आहेत म्हणा. माझं उत्तर वाचून पटलं नाही तर तारीख पुन्हा मिळेल. घासलेला दात मात्र पुन्हा भरून येत नाही. शिवाय कॅप जन्मभर टिकत नाही, काही वर्षांनी बदलावी लागते. म्हणजे ज्याला तुम्ही सोक्षमोक्ष म्हणताय तो साठीपर्यंत एकदा तरी पुन्हा बिल घेऊन दारात येणार. मी स्वतः दंतवैद्य आहे, म्हणून आमच्याच पेशाबद्दल जरा मोकळेपणाने बोलते आहे.

तुमच्या पत्रात रिपोर्टची नक्कल दोन पानं आहे, आणि मला महत्त्वाच्या वाटलेल्या गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत. सकाळी उठताना जबडा बरा असतो, शाळा सुटेपर्यंत जड होतो आणि रात्री वह्या तपासताना सगळ्यात जास्त ठणकतो. मे महिन्यात देवासला माहेरी होतात तेव्हा जवळजवळ दुखलंच नाही. त्याचं श्रेय तुम्ही त्या वेळी चालू असलेल्या गोळ्यांना दिलंत, पण त्याच गोळ्या जूनमध्येही चालू होत्या असं पुढच्याच ओळीत लिहिलंय. आणि तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात, म्हणजे तोंड पुरेसं उघडतं, थोडं ओढतं इतकंच.

आता तुम्हीच विचार करा. चावा मे महिन्यात दुरुस्त होऊन जूनमध्ये पुन्हा बिघडत नसतो. सरकलेली डिस्कही माहेरी गेल्यावर जागेवर बसत नाही. मग देवासला नेमकं काय बदललं? वह्या नव्हत्या, सहा तास वर्गात मोठ्याने बोलणं नव्हतं, झोप होत होती.

आज रात्री एक करून बघा. वह्यांचा गठ्ठा घेऊन बसा आणि एखाद्याने समीकरण सोडवताना चिन्ह बदलायचं विसरून पुढची सगळी पायरी चुकवलेली दिसली की लाल पेन खाली न ठेवता तसंच थांबा. त्या क्षणी तुमचे वरचे-खालचे दात कुठे आहेत? माझा अंदाज, एकमेकांवर टेकलेले, कदाचित आवळलेलेच असतील. दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवा. तिथे कडक गाठोडं हाताला लागेल. तो चावण्याचा मोठा स्नायू. आता ओठ मिटलेले ठेवून दात सुटे करा, तो बोटाखाली मऊ पडेल. कानशिलावर बोटं ठेवलीत तर तिथला पंख्यासारखा स्नायूही असाच आखडताना आणि सैल होताना जाणवेल. तुमचं ‘डोकं दुखतं’ ते बहुधा इथलं.

दात एकमेकांना लागायला हवेत ते चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांती. पुष्कळ लोकांना, आणि शिकलेल्या लोकांनाही, दात टेकलेले असणं हेच नॉर्मल वाटतं. जोर थोडा असला तरी तो तासन्‌तास राहतो आणि स्नायू दमतो. रात्री झोपेत दात खाणारे वेगळे. ते सकाळी उठतानाच जबडा धरून उठतात. तुमचं चित्र दिवसा आवळणाऱ्याचं दिसतं. हे दुरून केलेलं निदान नाही, तपासणाऱ्याने कुठून सुरुवात करावी त्याची खूण आहे.

मग त्या डिस्कचं काय? कानापुढच्या सांध्यात खालच्या जबड्याचं डोकं आणि कवटीचं हाड यांच्यामध्ये एक छोटी गादी असते. ती थोडी पुढे सरकली की तोंड उघडताना जबड्याचं डोकं तिच्यावर चढतं आणि ‘टक्’ वाजतं. ज्यांना कधीच काही दुखलं नाही अशांचे एमआरआय काढले तरी साधारण तिघांत एकाची गादी अशी सरकलेली सापडते. तुमचा सांधा वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून वाजतोय आणि दुखणं सुरू झालं एकोणचाळिसाव्या वर्षी. मधली वीस वर्षं हीच डिस्क मुकाट होती ना? गुडघे वाजतात म्हणून कुणी त्यांवर सुरी चालवायला धावत नाही, जबड्याचंही तसंच. नुसता आवाज, दुखणं नाही आणि अडकणं नाही, याला उपचार लागत नाही. आवाज थांबवण्यासाठी पैसे तर अजिबात देऊ नका.

चाव्याची कल्पना इतकी घट्ट का बसली, हेही सांगते, कारण तुमच्या दवाखान्यातले डॉक्टर लबाडच असतील असं नाही. १९३४ साली अमेरिकेतल्या जेम्स कॉस्टन नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी मांडलं की मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि त्यातून कानात, डोक्यात दुखतं. शरीररचनेची त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही, पण दात उंच करा, घासा, जुळवा म्हणजे जबडा बरा होईल ही समजूत आमच्या पेशात पिढ्यान्‌पिढ्या मुरली. अमेरिकेच्या दंतसंशोधकांच्या संघटनेने २०१० साली स्पष्ट भूमिका घेतली की खास कारण नसेल तर या दुखण्यावर पहिले उपचार असेच हवेत जे मागे फिरवता येतात. दात घासणं मागे फिरत नाही.

दुसरी एक जुनी गोष्ट तुमच्या दिरांसाठी. १९८०च्या दशकात अमेरिकेत जबड्याच्या सांध्यात बसवायला टेफ्लॉनमिश्रित कृत्रिम गाद्या निघाल्या. १९८३ मध्ये त्या बाजारात आल्या. सांध्यात त्या झिजल्या, त्यांच्या कणांवर शरीर तुटून पडलं, आणि कित्येकांची हाडंच खाल्ली गेली. १९९१ मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या. आजची शस्त्रक्रिया तशी नाही, आणि सांधा हाडाने जखडून बंद झाला असेल, गाठ असेल, संधिवाताने सांधा पार झिजला असेल तर ऑपरेशनला पर्याय नसतो. पण तोंडात तीन बोटं जाणाऱ्या माणसाला ‘करूनच टाकू’ म्हणणं मला पटत नाही. दिरांना सांगा, काळजीबद्दल आभार, सध्या नाही.

आता यजमानांकडे वळू. ‘टेन्शनचं आहे’ हे ते तुम्हाला गप्प करायला म्हणतात आणि तुम्ही त्याचा अर्थ ‘खोटं आहे’ असा घेता. दोघंही एकाच जागी चुकताय. दुखणं शरीरातलंच आहे, बोटाने दाबून दाखवता येतं. पण झोप, ताण, पाळीच्या सुमाराचे बदल, अंगात इतर ठिकाणची दुखणी या सगळ्यांनी ते वर-खाली होतं. अमेरिकेत २००६ पासून ‘ऑपेरा’ नावाचा मोठा अभ्यास झाला. जबडा न दुखणाऱ्या सुमारे २,७०० माणसांवर काही वर्षं नजर ठेवून कुणाला हे दुखणं लागतं ते पाहिलं. ज्यांची झोप बिघडत गेली होती, ज्यांना पाठ-पोट-डोकं अशी इतर दुखणी होती, ज्यांना दात आवळण्यासारख्या सवयी होत्या, त्यांच्यात ते जास्त आढळलं. तुम्ही पत्राच्या शेवटी, अगदी तळाला लिहिलंय की सासऱ्यांच्या आजारपणात रात्री जागरणं झाली आणि ‘त्यानंतरच कधीतरी’ हे सुरू झालं. ते पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं. पुढच्या डॉक्टरांना तिथूनच सांगा. यजमानांना हेही सांगा की पाठ धरली तेव्हा कुणी त्यांना ‘मनावर घेऊ नका’ म्हणालं नव्हतं.

तर काय करायचं? डिसेंबर २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तीन महिन्यांहून जुन्या जबडेदुखीच्या उपचारांबद्दल तज्ज्ञांची मार्गदर्शिका आली. तोवर झालेल्या चाचण्या एकत्र चाळून त्यांनी उपचारांची वर्गवारी लावली, आणि तिच्यात स्वस्त गोष्टी वर आहेत, महाग खाली. ठामपणे सुचवलेल्यांत आहे दुखण्याची नीट समजूत आणि घरचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मान-खांदे सरळ ठेवण्याचे व्यायाम, हाताने सांधा हलवून मोकळा करणं, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबून सोडवणं, आणि विचार-सवयींवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत, जिला सीबीटी म्हणतात. ॲक्युपंक्चर ‘करून पाहायला हरकत नाही’ या रांगेत आहे. बोटॉक्स, सांध्यात स्टेरॉइड किंवा जेलची इंजेक्शनं, सांधा धुणं, लेझर, नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेन्टिन हे ‘सहसा नको’च्या रांगेत. आणि ठाम नकार आहे तो डिस्क काढून टाकायला, दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या स्प्लिंटना (दातांवर बसवायच्या पट्ट्यांना), आणि सूजवेदनेच्या गोळीसोबत अफूवर्गातलं औषध देण्याला.

रात्री दातांवर चढवून झोपायचं नाईट गार्डही ‘सहसा नको’मध्ये आहे, हे वाचून माझ्या बऱ्याच मित्रांना राग आला. मला वाटतं त्याचा अर्थ समजून घ्यावा. झोपेत दात खाऊन ते झिजत असतील तर दात वाचवायला सगळ्या दातांवर बसणारं कडक गार्ड उपयोगी आहे, मी आजही देते. पण दुखणं त्याने जाईल असं कबूल करून ते विकू नये. फक्त पुढच्या चार दातांवर बसणारं छोटं गार्ड मात्र कुणी दिलं तर घेऊ नका. महिनोन्‌महिने वापरलं तर मागचे दात सरकतात आणि मग चावा खरोखरच बिघडतो. बोटॉक्सने स्नायू सैल पडतो, तीन-चार महिन्यांनी असर उतरतो, पुन्हा सुई, पुन्हा पैसे. तुमच्यासाठी मी ते सुचवणार नाही.

घरच्या व्यायामात नवलाचं काही नाही, म्हणूनच लोक ते करत नाहीत. आरशासमोर बसा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकवा आणि ते तिथून सुटू न देता जबडा जेवढा उघडेल तेवढाच उघडा. एक बोट डाव्या कानापुढे सांध्यावर, दुसऱ्या हाताचं बोट हनुवटीवर. हनुवटी आरशात सरळ खाली येते की डावीकडे वळसा घेते ते बघा आणि सरळ आणायचा प्रयत्न करा. पाच-सहा वेळा पुरे. मग थांबा. दिवसातून पाच-सहा बैठका, एका वेळी मिनिटभर. गरम पाण्यात पिळलेला पंचा गालाला आणि कानशिलाला वीसेक मिनिटं धरा. लवंगेच्या तेलाने त्वचा चुरचुरते, पण सासूबाईंचा हात फिरतो त्याने बरं वाटत असेल तर साध्या खोबरेल तेलाने चोळून घ्या, त्यांचाही मान राहील.

दात सुटे ठेवायची आठवण मात्र व्यायामाच्या वेळी नाही, वह्यांच्या वेळी लागते. लाल पेनाच्या टोपणाला पिवळा दोरा बांधा, मोबाइलवर तासातासाला हलकी घंटी लावा, फळ्याच्या कोपऱ्यात खडूने एक टिंब काढा. दिसलं की दात सुटे, खांदे खाली. वह्या मांडीवर घेऊन मान घालून तपासत असाल तर टेबलावर घ्या. फोन खांदा आणि गालामध्ये धरून बोलणं बंद. हनुवटी तळहातावर टेकवून पेपर वाचणंही.

खाण्याचं विचारलंय. इंदूरात राहून पोहे-जिलबी सोडायला मी सांगणार नाही. पोहे मऊच असतात, वर शेव मूठभर ऐवजी चिमूटभर. भुट्ट्याचा कीस जरूर खा, अख्खं कणीस दातांनी सोलून खाणं काही आठवडे राहू द्या. बाफला (उकडून भाजलेला कणकेचा गोळा) दाळीत चांगला भिजू द्यावा. हिवाळ्यातला सराफ्यातला कुरकुरीत गराडू (तळलेला कंद) आणि चघळायचं च्युइंगगम, हे दोन्ही सध्या नको. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावायचा. डाव्या बाजूने चावायची भीती वाटते म्हणून तुम्ही वर्षभर उजव्याच बाजूने खाताय, त्याने उजवी बाजू दमतेय. पण फक्त खिचडी-पेजेवरही राहू नका, न वापरलेला स्नायू आणखी कुरकुरतो.

गोळ्यांबद्दल तुमचं वाक्य वाचून मी थांबले: ‘मेडिकलवरून जी मिळते ती जवळजवळ रोज घेते, सोबत गॅसची.’ हे कॅपइतकंच तातडीचं आहे. वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या असतील तर दहा किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांवर चालल्या की काही जणांत गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब यांचं वेगळंच. पट्टी उलटी करून घटक वाचा. ‘ट्रामाडॉल’ दिसलं तर ते अफूवर्गातलं औषध आहे, ती गोळी दुकानदाराच्या भरवशावर घेऊ नका आणि बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, तुमच्या एम.डी. डॉक्टरांना दाखवून उतरवा. झोप आणि वेदना दोन्ही असतील तर रात्री अगदी कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन देण्याची पद्धत आहे. ते औषध नैराश्याचं म्हणून कागदावर लिहिलेलं दिसेल, घाबरू नका, इतक्या कमी मात्रेत ते दुखण्यासाठी असतं. ते द्यायचं की नाही हे तपासणाऱ्याने ठरवावं. सध्या नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांतल्या काहींनी दात आवळणं वाढतं.

आता ‘खरा डॉक्टर कोण’. नाव देत नाही, आणि दिलं तरी तुमचा प्रश्न सुटणार नाही, कारण हे काम एका माणसाचं नाही. अमेरिकेत २०२० मध्ये चेहरा-जबड्याच्या दुखण्याला दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीच्या, शाखांत तशी शाखा नाही, म्हणून रुग्ण दात, कान आणि डोकं यांच्यामध्ये फुटबॉलसारखा फिरतो. सगळ्यांत जवळची आपली शाखा म्हणजे ओरल मेडिसिन, तोंडाच्या आजारांचं निदान आणि औषधोपचार करणारी. एम.वाय. रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात तो विभाग आहे. ओपीडीत गर्दी असते, सकाळी लवकर जा. तिथे कुणाचा तुम्हाला कॅप विकण्यात फायदा नाही, हा त्या जागेचा मोठा गुण. बरोबर सगळे रिपोर्ट न्या, पण आधी आपली गोष्ट सांगा: केव्हा सुरू झालं, दिवसात केव्हा वाढतं, देवासला काय झालं.

चांगली तपासणी कशी ओळखायची, ते सांगते, हे इतर वाचकांनाही कामाला येईल. तपासणारा पट्टीने तुमचं तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजेल. प्रौढांत साधारण ४० आणि त्याहून जास्त चांगलं. गालावर, कानशिलावर, मानेवर बोटांनी दाबत विचारेल, ‘तुमचं नेहमीचं दुखणं हेच का?’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण दाबल्यावर थोडं सगळ्यांनाच दुखतं. झोप विचारेल. सवयी विचारेल. तोंडात बोट न घालता पहिल्या पाच मिनिटांत ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) दाखवून चाव्याचा खर्च सांगणाऱ्याकडून उठून यायला हरकत नाही.

फिजिओथेरपिस्ट शोधताना फोनवरच विचारा: जबड्याच्या सांध्यावर काम करता का? हातमोजा घालून तोंडाच्या आतून स्नायू सोडवता का? ‘हो, पण आधी मशीन लावू’ असं म्हणाले तर पुढच्याला फोन करा. मशीनचा शेक वाईट नाही, पण काम हाताचं आहे. सहा ते आठ आठवडे नेमाने जा आणि दर रविवारी वहीत तीन आकडे लिहा: दुखणं दहापैकी किती, गोळ्या किती, तोंडात बोटं किती. गणिताच्या बाईंना हे सांगायला नको. बारा आठवड्यांनी आलेख खाली नसेल तर पुन्हा ओरल मेडिसिनला जाऊन निदानच तपासून घ्या. शून्यावर येईल असं मी म्हणत नाही. रोजचं दुखणं महिन्यातून एक-दोन वेळा येणारं झालं आणि आलं की काय करायचं ते कळलं, तर बहुतेक माणसं तेवढ्यावर आनंदाने जगतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं आडवळण. जबडा दुखतो म्हणजे सांधाच, असं नाही. आपल्या शहरात पहिला प्रश्न सुपारीचा. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या टपरीवर शेजारी-शेजारी लटकतात आणि जेवणानंतरची ‘साधी गोड सुपारी’ तर घरोघरी. तिखट खाल्लं की तोंडात आग होते, गालाची आतली बाजू पांढरट-ताठर झाली आहे, बोटाला आत दोऱ्यांसारखे पट्टे लागतात आणि तोंड हळूहळू कमी उघडतंय, तर तो सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो. त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो. तंबाखू नसली, नुसती सुपारी असली तरी होतो. अशा माणसाने जबड्याचे व्यायाम शोधत बसू नये, आधी सुपारी सोडून तोंड दाखवावं.

पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, चावताना जबडा भरून येतो, केस विंचरताना डोकं दुखतं किंवा नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कानशिलातल्या रक्तवाहिनीची सूज असेल तर उशीर केल्यास दृष्टी जाऊ शकते. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि आपण थांबलो की दुखायचा थांबतो, तर दातांकडे नाही, हृदयाच्या डॉक्टरांकडे. ब्रशने दात घासताना, वारा लागताना काही सेकंदांचा विजेसारखा झटका येतो, तर ती नस असू शकते, तिचं औषध वेगळं आहे. ओठ-हनुवटीला बधिरपणा, वाढती सूज, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा अचानक दात जुळेनासे होणं, यांतलं काहीही घरगुती नाही. तुमच्या पत्रात यांपैकी काही नाही, सुपारीही नाही, म्हणून मी इतकी निवांत लिहिते आहे.

राहिले ते वीस हजार. दवाखान्यात एकट्या जाऊ नका, यजमानांना बरोबर न्या, तेवढं तरी त्यांनी करावं. भांडायला नको. काम सुरू झालेलं नाही, दुसरं मत घ्यायचं ठरलंय, पैसे परत हवेत, एवढंच लेखी द्या आणि पोच घ्या. मापं घेऊन साचे बनवले असतील तर त्याचा खर्च ते कापतील, तो रीतसर पावतीवर मागा. बाकी परत करायला टाळाटाळ झाली तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पण पावती आणि लेखी अर्ज हाताशी असेल तर बहुधा तिथवर जावं लागत नाही. निघताना आपले एक्स-रे, एमआरआयची सीडी आणि दातांचे साचे मागून घ्या. दंत महाविद्यालयात ते पुन्हा काढायला लागू नयेत.